मराठवाड्यात मेडिकलला नंबर लागलाय? आधी जाण्या-येण्याचं बघा

मी चिपळूणची. मराठवाड्यातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात साडेचार वर्षं काढली, आता इंटर्नशिप चालू आहे. प्रवेशाची यादी लागली की दर वर्षी ओळखीपाळखीतून फोन येतात. अ‍ॅनाटॉमीचं पुस्तक कुठलं घेऊ, बोन सेट नवा घेऊ की सीनियरचा, हे सगळे विचारतात. रात्री अडीचला स्टेशनवर उतरल्यावर पुढं कसं जायचं, हे कुणीच विचारत नाही. मला पहिल्या वर्षी जेवढ्या वेळा रडू आलं, त्यातलं निम्मं तरी त्या अडीच वाजण्यामुळे आलं. अ‍ॅनाटॉमी हळूहळू जमते, शिकवायला माणसं असतात. प्रवासाचं आणि रोजच्या राहण्याचं मात्र कुणी शिकवत नाही, आणि त्यात गेलेली ताकद अभ्यासातूनच वजा होते.

२०२० मध्ये सरकारनं ७०:३० चा प्रादेशिक कोटा (सत्तर टक्के जागा त्याच भागातल्या मुलांना) रद्द केला. आता कोकणातलं, विदर्भातलं, पश्चिम महाराष्ट्रातलं लेकरू नांदेडला किंवा अंबाजोगाईला येणं ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. अशा बाहेरून येणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. मराठवाड्यातलेच असाल तर काही भाग सोडून वाचा, पण तिकिटांचा आणि हजेरीचा भाग सोडू नका.

१. कागदपत्रं: तीन संच, आणि एक मोबाइलमध्ये

प्रवेशाच्या दिवशी हे लागतं:

- नीटचं प्रवेशपत्र आणि गुणपत्रक
- सीईटी सेलचं अलॉटमेंट लेटर
- दहावी-बारावीची गुणपत्रकं आणि दहावीचं प्रमाणपत्र
- शाळा सोडल्याचा दाखला
- डोमिसाईल आणि राष्ट्रीयत्वाचा दाखला, आधार कार्ड
- वैद्यकीय तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र
- आरक्षणातून असाल तर जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, लागू असेल तसं नॉन-क्रिमिलेअर किंवा ईडब्ल्यूएसचा दाखला
- बारावीनंतर वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र
- रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र, तुमचं आणि पालकांचं
- पासपोर्ट फोटो, निदान वीस

खरा घोळ प्रवेशानंतर सुरू होतो. मूळ कागद कॉलेजात जमा होतात आणि ते परत मिळवणं सोपं नसतं. दोन महिन्यांनी महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बसलात की दाखल्याचा नंबर हवा असतो, आणि दाखला कपाटबंद. म्हणून जमा करण्याआधी प्रत्येक कागदाचं स्वच्छ स्कॅन करा, पाठची बाजूसुद्धा. मोबाइलवर उभ्या-उभ्या काढलेला तिरका फोटो पोर्टल घेत नाही. तीन झेरॉक्स संच साक्षांकित करून ठेवा. नॉन-क्रिमिलेअर आणि ईडब्ल्यूएसच्या दाखल्यांना मुदत असते, ती तारीख कॅलेंडरवर लिहा. घरापासून पाचशे किलोमीटरवर बसून तहसीलचं काम होत नाही.

पहिल्याच आठवड्यात बोनाफाईड मागून घ्या, एकदम तीन-चार प्रती. बँक, शिष्यवृत्ती, रेल्वेची सवलत, सगळीकडे तेच लागतं.

२. नकाशा उघडा, पण त्यावर विसंबू नका

मराठवाड्यात अंतर किलोमीटरवर मोजू नका. गाडी किती वाजता आहे आणि ती चुकली तर पुढची कधी, यावर मोजा. साठ किलोमीटरला कधी दीड तास लागतो, कधी अख्खी संध्याकाळ जाते.

मनमाडकडून येणारी रेल्वे छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, पूर्णा करत नांदेडला जाते. देवगिरी, नंदिग्राम, तपोवन या गाड्या याच मार्गावरच्या. परभणी ते मुदखेड दुहेरी मार्ग झाला आहे, पण मनमाडकडच्या बाजूचं दुहेरीकरण पूर्ण झालेलं नाही. त्यामुळे क्रॉसिंगला गाडी थांबते आणि थांबते ती थांबतेच. हिंगोलीला जायचं तर पूर्णा-अकोला मार्ग धरायचा. लातूर आणि धाराशिव कुर्डुवाडीच्या बाजूनं जोडलेले आहेत. मुंबई-पुण्याहून रात्रीची गाडी काही दिवस लातूरपर्यंत, काही दिवस पुढं बिदरपर्यंत जाते.

आता या नकाशातल्या ठेचा.

लातूर आणि लातूर रोड ही दोन वेगळी स्टेशनं आहेत. लातूर रोड हे चाकूरजवळचं जंक्शन, शहरापासून तीसएक किलोमीटर. आमच्या बॅचमधल्या एका मुलाच्या वडिलांनी ‘रोड’ म्हणजे शहरातलंच दुसरं स्टेशन असेल असं समजून तिकीट काढलं होतं. ट्रंका घेऊन बापलेक तिथं उतरले तेव्हा बाहेर चिटपाखरू नव्हतं.

अंबाजोगाईला रेल्वे नाही. परळी वैजनाथला उतरायचं आणि पंचवीसेक किलोमीटर बसनं किंवा जीपनं यायचं. घाटनांदूरचं स्टेशन आणखी जवळ आहे, पण तिथं थांबणाऱ्या गाड्या बघून घ्या. बीडला २०२५ मध्ये अहिल्यानगरकडून रेल्वे आली, मात्र ती अजून परळीला जोडलेली नाही. तेव्हा ‘बीड जिल्ह्यात रेल्वे आली’ हे ऐकून अंबाजोगाईचा बेत आखू नका.

नांदेडचं कॉलेज शहरात नाही, विष्णुपुरीला आहे. स्टेशनवरून ‘मेडिकल’ म्हणताना विष्णुपुरी म्हणा, नाहीतर जुन्या जागेचा, औषधांच्या दुकानांचा, भलताच पत्ता निघतो. संभाजीनगरला रिक्षावाल्याला ‘शासकीय वैद्यकीय महाविद्यालय’ असं लांबलचक सांगू नका. नुसतं ‘घाटी’ म्हणा. अंबाजोगाईत ‘स्वाराती’ (स्वामी रामानंद तीर्थ कॉलेज) म्हटलं की पोरसुद्धा बोट दाखवतं.

नावं बदलली आहेत, पण सगळीकडे एकदम बदललेली नाहीत. तिकिटाच्या अ‍ॅपवर धाराशिव सापडलं नाही तर उस्मानाबाद टाकून बघा, संभाजीनगर नसेल तर औरंगाबाद. बसच्या पाटीवर एक आणि कंडक्टरच्या तोंडी दुसरं, असं अजूनही चालतं.

पुण्यावरून बदलून येणार असाल तर स्वारगेट की वाकडेवाडी हे आधी पक्कं करा. चिपळूणची बस स्वारगेटला सोडते. माझी पुढची गाडी वाकडेवाडीहून होती, हे मला स्वारगेटला ट्रंक उतरवल्यावर कळलं. संभाजीनगरलाही मध्यवर्ती आणि सिडको अशी दोन स्थानकं आहेत, तिथंही हीच चौकशी करा.

३. तिकीट

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. दिवाळीची सुट्टी जाहीर होण्याची वाट बघत बसलात तर जागा संपलेली असते. अंदाजानं काढून ठेवा, नको झालं तर रद्द करा, थोडे पैसे जातील.

तत्काळ आदल्या दिवशी उघडतं: एसीचं सकाळी १० ला, स्लीपरचं ११ ला. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळसाठी खातं आधारला जोडलेलं लागतं. हे जोडणं आजच करा, कारण सकाळी ११ वाजता तुम्ही डिसेक्शन हॉलमध्ये असणार, हातात ग्लोव्हज, मोबाइल लॉकरमध्ये. माझं तत्काळ कायम घरून धाकट्या भावानं काढलं. घरातल्या कुणालातरी हे शिकवून ठेवा.

ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्ट लागल्यावरही वेटिंगच राहिलं तर ते आपोआप रद्द होतं आणि त्यावर डब्यात चढता येत नाही. आरएसी असेल तर चढता येतं, अर्धी जागा मिळते. वेटिंगच्या पुढं ‘पीक्यूडब्ल्यूएल’ (अनेक स्टेशनांची मिळून एकच वेटिंग यादी) दिसलं तर ते पक्कं होण्याची आशा कमी धरा आणि बसचा विचार सुरू करा.

एक गोष्ट फार कमी मुलांना माहीत असते. घरी जाण्या-येण्यासाठी विद्यार्थ्यांना रेल्वेत सेकंड क्लास आणि स्लीपरला ५० टक्के सवलत आहे, एससी-एसटी विद्यार्थ्यांना ७५ टक्के. ती ऑनलाइन मिळत नाही. कॉलेजच्या कार्यालयातून सवलतीचा फॉर्म सही-शिक्क्यासह घ्यायचा आणि खिडकीवर तिकीट काढायचं. फॉर्मवरचं घरचं गाव आणि कॉलेजच्या नोंदीतलं गाव एकच असलं पाहिजे.

एसटीत मुलींना १७ मार्च २०२३ पासून निम्मं भाडं आहे, कोणत्याही गावाला. जवळच्या गावातून रोज येऊन-जाऊन करणाऱ्यांनी विद्यार्थी पास काढावा, त्यात दोन तृतीयांश भाडं सुटतं.

खासगी ट्रॅव्हल्सचं भाडं सणाला चढतं, पण त्यालाही मर्यादा आहे: त्याच अंतराच्या एसटी भाड्याच्या दीडपट. २०१८ चा हा सरकारी निर्णय आहे. जास्त घेतलं तर तिकीट जपून ठेवा आणि आरटीओकडे तक्रार करा. तिकिटाशिवाय तक्रार उभी राहत नाही, म्हणून ‘आकडा व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो’ म्हणणाऱ्याकडून छापील तिकीट मागाच.

४. पहाटे उतरणं

हा भाग मी सगळ्यात कळकळीनं लिहिते आहे.

पहिल्यांदा एकटी आले तेव्हा रात्रीची खासगी बस घेतली होती. बुकिंग करताना विचारलं, गाडी गावात जाते ना? हो म्हणाले. चारला दहा कमी असताना क्लीनरनं उठवलं आणि मला बायपासच्या नाक्यावर उतरवलं. एक ट्रंक, एक बादली, पाठीला सॅक. एक हायमास्ट दिवा, एक चहाची टपरी, तीन उभे ट्रक. वॉर्डनचा नंबर नव्हता, रिक्षावाल्याचा नव्हता, मोबाइल सहा टक्क्यांवर. टपरीवाल्या काकांनी स्टूल पुढं सरकवलं आणि म्हणाले, “माय, आता कुठंच जाऊ नको. इथं दिव्याखाली बस, उजाडू दे.” त्यांनी चहाचे पैसे घेतले नाहीत. साडेपाचला दूधवाल्याच्या मागोमाग पहिली रिक्षा आली, ती त्यांनीच थांबवली आणि चालकाला नावानं हाक मारून सांगितलं, पोरीला होस्टेलच्या दारात सोड.

मला चांगला माणूस भेटला. पण भेटेलच, यावर बेत आखायचा नसतो. म्हणून:

- सकाळी सहाच्या आधी पोचणारी गाडी घेऊ नका. दोन तास उशिरानं निघणारी घ्या.
- ‘गावात जाते का’ असं विचारू नका, ‘हो’च म्हणतात. ‘बसस्थानकाच्या दारात उतरवता की नाक्यावर’ असं विचारा.
- वॉर्डन, एक सीनियर, आणि ओळखीचा एक रिक्षावाला, असे तीन नंबर मोबाइलमध्ये आणि एका कागदावरही. मोबाइल बंद पडला की कागद लागतो.
- रेल्वेनं पहाटे पोचलात तर प्रतीक्षालयातच बसा. बाहेरच्या बाकावर नको.

दुसरं. रात्री दुचाकीवरून दोन गावांमधला प्रवास करू नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून साखर कारखान्यांचं गाळप चालू होतं आणि रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या येतात, एकामागं एक दोन जोडलेल्या. कित्येक ट्रॉल्यांना मागं दिवा नसतो, रिफ्लेक्टर नसतो, आणि ऊस बाहेर आलेला असतो. अंधारात ती ट्रॉली अंगावर येईपर्यंत दिसत नाही. इंटर्न म्हणून कॅज्युअल्टीत मी हे अपघात पाहिले आहेत, आणि त्यातले बरेचसे तुमच्याच वयाचे होते. मित्राच्या बहिणीचं लग्न तीस किलोमीटरवर आहे? तिथंच मुक्काम करा.

५. खोली, पाणी, जेवण

कोकणातल्या माणसाला पाणी मोजायची सवय नसते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, ती ‘जलदूत’ गाडी आम्ही टीव्हीवर पाहिली होती. इथं आल्यावर कळलं की तेव्हाच्या सवयी लोकांच्या हातात अजून आहेत. भाजी धुतलेलं पाणी तुळशीला, कपड्यांचं पाणी संडासाला. तुम्हीही पहिल्या दिवशी दोन झाकणाच्या बादल्या आणि एक मोठा डबा घ्या. नळाला पाणी कधी येतं ते आधी राहणाऱ्यांना विचारा आणि त्या वेळेला खोलीत कुणी ना कुणी असेल अशी पार्टनरशी वाटणी करा. प्यायला जार लावा, पण जारवाल्याचा कॅन आतून बघूनच.

एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर असतो. ओलावा नसल्यानं घाम दिसत नाही आणि पाणी कमी पडतंय हे कळतही नाही. फॉर्मेलिनच्या वासात तीन तास उभं राहायच्या दिवशी रिकाम्या पोटी जाऊ नका. बॅचमधलं कुणी ना कुणी चक्कर येऊन पडतंच, आणि कारण प्रेत नसतं, न केलेला नाश्ता असतो.

मेसचं जेवण तिखट लागेल, ते दोन महिन्यांत अंगवळणी पडतं. ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी लवकर आवडायला लागली तर उत्तम, कारण प्रवासात टिकतं तेच. धपाटे दोन दिवस चांगले राहतात.

लातूर-धाराशिवकडे असाल तर वेळ अमावस्या लक्षात ठेवा. डिसेंबर-जानेवारीत येते, सगळे तिला येळवस म्हणतात. त्या दिवशी शहर रिकामं होतं. दुकानं बंद, रिक्षा नाहीत, मेस बंद, आणि त्या सकाळी गावाकडं जाणाऱ्या बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी प्रवास टाळा. वर्गातला स्थानिक मित्र शेतात बोलावतोच, तेव्हा जा. भज्जी आणि आंबील पोटभर खाऊन या.

६. हजेरी आणि घरी जाणं

थिअरीला ७५ टक्के, प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी लागते. आकडा वर्षाचा असला तरी तो चुकतो लहान-लहान सोमवारांनी. रविवारी रात्री निघून सोमवारी सकाळी थेट कॉलेज, हा बेत महिन्यातून एकदा फसतो. मग दुपारचं प्रॅक्टिकलही जातं, कारण डोळे उघडे राहत नाहीत. लांबच्या मुलांनी महिन्याला जाण्याचा हट्ट सोडावा. टर्मला दोनदा जा, पण चार दिवस राहा.

परीक्षेआधी मधला एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा. घाटात गाडी बंद पडून माझी एका टर्मिनलची व्हायवा हुकली. विभागप्रमुखांनी समजून घेतलं, पण बंद गाडीचा फोटो आणि तिकीट दोन्ही मागितले, आणि माझ्याकडे दोन्ही होते म्हणून निभावलं. वाटेत काही घडलं की फोटो काढा.

बंद आणि रास्ता रोको यांचाही हिशेब धरा. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मराठा आरक्षण आंदोलनाच्या काळात मराठवाड्यात अनेक ठिकाणी एसटी थांबवावी लागली होती. अशा वेळी निघायच्या आदल्या संध्याकाळी स्थानकाच्या चौकशी खिडकीवर स्वतः जाऊन विचारा. कुणाच्यातरी स्टेटसवरून निर्णय घेऊ नका.

७. पेशंट काय म्हणतोय

कुटुंब दत्तक कार्यक्रमात पहिल्याच वर्षी गावात जावं लागतं, आणि दुसऱ्या वर्षी वॉर्डातल्या पोस्टिंग सुरू होतात. तिथं मराठी येत असूनही अडतं.

“पोट दुखूलालंय,” “ताप येऊलालाय,” हे लातूर-नांदेडकडचं. दुखतंय, येतोय, असं चालू असलेलं सांगायची ती रीत आहे. “कवाधरनं?” म्हणजे केव्हापासून. ‘दिवस गेलेत’ म्हणजे गरोदर. ‘अंगावर पांढरं जातं’ ही तक्रार बाई हळू आवाजात आणि शेवटी सांगते, म्हणून शेवटपर्यंत थांबा. ‘अंग बाहेर येतं’ म्हणजे गर्भाशय खाली उतरणं. ‘बेडका’ म्हणजे कफ.

एका आजींनी मला सांगितलं, “बाई, उन्हाळी लागलीया.” मी हिस्टरीत (पेशंटकडून घेतलेल्या आजाराच्या माहितीत) लिहिलं, त्रास उन्हाळ्यापासून. मॅडमनी केसपेपर वाचला, आजींकडे वळून विचारलं, “लघवीला जळजळ किती दिवसांची?” आजी म्हणाल्या, “चार रोज झाले.” त्या दिवसापासून मी एक छोटी वही खिशात ठेवते. शब्द समजला नाही की तिथल्या सिस्टरना, वॉर्डातल्या मावशींना विचारते. त्यांनी कधीच हसून उडवून लावलं नाही. देगलूर-बिलोलीकडचा पेशंट तेलुगूत बोलेल, उदगीरकडचा कन्नडमध्ये, तांड्यावरची बाई गोरमाटीत, संभाजीनगर-नांदेडात दखनी तर रोज ऐकाल. प्रत्येकातले ‘कुठं दुखतं’ आणि ‘किती दिवस’ एवढे दोन प्रश्न तरी शिकून घ्या.

बीडकडचा पेशंट असेल तर ‘कारखान्यावर होतो’ हे शब्द सोडून देऊ नका. ऊसतोडीला गेलेलं कुटुंब सहा-सहा महिने गावाबाहेर असतं. औषध मधेच का सुटलं, लेकराचं लसीकरण का राहिलं, याचं उत्तर तिथं सापडतं.

आणि हिस्टरी घेताना नाव, वय, गाव विचारलंत की आणखी एक विचारा: गावाला जायला शेवटची गाडी कितीची? दुपारी दोनला एक्स-रेला पाठवलेला माणूस रिपोर्ट न घेताच निघून जातो तेव्हा तो बेफिकीर नसतो, त्याची चारची गाडी असते. लवकरची गाडी असेल तर रांग सांभाळणाऱ्या मामांना सांगून त्याचा कागद पुढं सरकवा. नाहीच जमलं तर रात्री नातेवाइकाला कुठं झोपता येईल ते दाखवून द्या, आणि सकाळी रिपोर्ट कुठल्या खिडकीवर मिळेल ते केसपेपरच्या मागं मोठ्या अक्षरात लिहून द्या.